जुनी डिझेल गाडी घेण्याआधी: सातारकरांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्याच्या एमआयडीसीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर मी १८ वर्षं काढली. मी मिस्त्री नाही. पण गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांनी माणूस काउंटरवर येऊन काय मागतो, त्यावरून ती कशी निघाली हे मला न सांगता कळायचं. "कुठली गाडी घेऊ?" असं सगळेच विचारतात. "ही गाडी गेली दहा वर्षं काय करत होती?" असं विचारणारा वर्षाकाठी एखादा. खालची बहुतेक उत्तरं या दुसऱ्या प्रश्नाची आहेत.

माझं रनिंग कमी आहे, तरी डिझेल घेऊ का? मित्र म्हणतो अ‍ॅव्हरेज भारी देते.

कागदावर मांडून बघा. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरा. साधारण एकाच आकाराची जुनी पेट्रोल गाडी लिटरला १५ देते आणि डिझेल १९ देते, असंही धरा. पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये पडतात, डिझेलवर पावणेपाचच्या किंचित वर. वाचले सव्वादोन रुपये. घर ते पोवई नाका आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्याचे ४०० किलोमीटर होतात. त्याचे महिन्याला ९०० रुपयेही वाचत नाहीत. एकदा नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं) काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत त्यातच जिरते.

महिन्याला २,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र ४,४०० रुपये वाचतात, त्याला एखादं मोठं काम सोसतं. महिन्याचं रनिंग १,०००च्या खाली असेल तर मी सरळ पेट्रोल किंवा सीएनजी बघायला सांगतो. रोज दोन-दोन किलोमीटरच जायचं असेल तर डिझेल इंजिन नीट तापतच नाही, आत काजळी धरते. नुसती उभी राहून आणि जवळपास फिरून बिघडलेल्या डिझेल गाड्या मी कमी पाहिलेल्या नाहीत.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल येतं म्हणून जुनी डिझेल बरी, हे खरं का?

वीस टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, हे खरं. पंपावरच्या डिझेलमध्ये ते नसतं. (ऊस आपला, कारखाने आपले, आणि इथेनॉलला घाबरणारेही आपलेच.) पण एवढ्या एका कारणासाठी डिझेलकडे जाऊ नका. वरचा हिशेब आधी.

किती जुनी गाडी चालेल? दिल्लीसारखा दहा वर्षांचा नियम आपल्याकडे आहे का?

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा वाद दिल्ली आणि आसपासच्या भागातला. साताऱ्यात तसा नियम नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यायचं. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्यामुळे आरसीवर "वैध पर्यंत" ही तारीख आधी वाचा. चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त मिळाली म्हणून हरखून जाल, तर पुढच्या वर्षी हा सगळा खर्च तुमच्याच खिशातून.

इंजिनच्या पिढीचंही बघा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचा सरकारी निकष. बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ ला आलं, बीएस ६ हे १ एप्रिल २०२० ला. बीएस ६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने बीएस ६ डिझेल घेतली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग एखादा मिस्त्री "फिल्टर काढून टाकू" म्हणतो. तसा काढलेला असेल तर ती गाडी घेऊ नका. खड्ड्यांचे रस्ते, जवळचा मिस्त्री आणि कमी बजेट असलेल्याला चांगली ठेवलेली बीएस ४ सोसते, असं माझं मत.

गाडी बघायला कधी जाऊ?

सकाळी. आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगा, "मी येईपर्यंत सेल मारू नका."

या एका गोष्टीवर मी अडून बसतो, कारण मी स्वतः यात फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी कराडकडे एका गृहस्थाची गाडी बघायला दुपारी चारला गेलो. "आत्ताच बाजारातून आलोय, बघा कशी मख्खन चालते," म्हणाले. चालतही होती. संध्याकाळी घरी आणली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सेल मारला, डिसेंबर होता. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ती थरथरत उठली आणि गल्लीत पांढऱ्या धुराचा लोट. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबून धरायची ताकद, गेलं होतं. गरम इंजिनाला ते झाकता येतं, गार इंजिनाला नाही. इंजिन उघडायला गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा गेला.

पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, मग बॉनेट उघडून वरच्या रेडिएटर पाइपला हात लावा. कोमट लागला तर गाडी आधी चालू करून ठेवलेली आहे. कारण विचारू नका, दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर गाडी सोडून द्या. चावी फिरवल्यावर डॅशवर गुंडाळीसारखं चिन्ह पेटतं, ती गार सिलिंडर आतून तापवणाऱ्या हीटर प्लगची खूण. ते विझलं की सेल मारा. निरोगी कॉमन रेल (एकाच दाबनळीतून सगळ्या नोझलांना डिझेल देणारी) गाडी एक-दोन सेकंदांत उठते. उठल्यावर पहिलं मिनिट रेस देऊ नका, नुसतं ऐका. ठराविक लयीत टकटक येत असेल किंवा एका बाजूला गचका बसत असेल, तर एखादा सिलिंडर काम करत नाहीये.

धुराच्या रंगावरून काय ओळखायचं?

पांढरा धूर गार इंजिनाला पहिल्या मिनिटात आला आणि गेला तर ठीक. थांबतच नसेल, आणि डोळ्याला झोंबत असेल, तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय. नोझल, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन, यातलं काहीतरी. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करतानाच येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर वाढला तर पिस्टन रिंग किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). जुन्या बीएस ३ गाडीने चढाला जोरात रेस दिल्यावर काळा फुसकारा टाकला तर घाबरू नका. कायम काळा असेल तर एअर फिल्टरपासून सुरुवात करा आणि फाटलेल्या टर्बो पाइपपर्यंत जा. हे दोन्ही स्वस्तातले दोष आहेत, भाव पाडायला उपयोगी पडतात.

डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं. गाडी सोडून द्यायची का?

नाही. डिझेलमध्ये ऑइल बदलल्यावर थोड्याच अंतरात काळं होतं. उलट, जुन्या डिझेलचं ऑइल मधासारखं दिसलं तर "कालच का बदललं?" हे विचारा. बोटावर चोळून बघा: खरखर लागली, धातूची चमक दिसली किंवा दुधाळ रंग आला तर मात्र मागे फिरा.

मिस्त्री म्हणाला "ब्रीदर मारतंय". म्हणजे काय?

सिलिंडरमधला जळका वायू पिस्टन रिंग ओलांडून खाली ऑइलच्या खणात उतरतो आणि तिथून वर येतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि खालून आगगाडीसारखे धुराचे भपकारे आले तर इंजिन काम निघालंच म्हणून समजा. हा माझा सगळ्यात आवडता तपास. फुकट आहे, अर्धा मिनिट लागतो, आणि विकणाऱ्याचा चेहराही त्याच वेळी बघता येतो.

त्याच बैठकीत, पण सेल मारण्याआधी, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. वर तेलाची साय दिसली, किंवा इंजिन चालू केल्यावर सारखे बुडबुडे येऊ लागले तर हेडचं काम आहे. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, हात भाजेल. टाकीत नुसतं नळाचं पाणी असेल तर मालकाने गाडी कशी ठेवली ते तिथंच कळतं.

नोझल, पंप, टर्बो या खर्चाच्या गोष्टी. नुसत्या डोळ्यांनी कशा तपासणार?

पूर्ण नाही तपासता येत. पण अंदाज येतो. नोझलच्या बुडाशी काळं डांबरासारखं साचलेलं असेल तर तिथून वायू गळतोय. गार असताना धाडधाड आवाज करणारी आणि गरम झाल्यावरही त्याच आवाजात चालणारी गाडी नोझल किंवा टायमिंगकडे बोट दाखवते. मोठ्या कामाचा अंदाज हवा असेल तर मिस्त्रीला रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, छोटी बाटली लावतात आणि काही मिनिटं इंजिन चालवतात. चारांत एक बाटली बाकीच्यांच्या मानाने भरभर भरली तर तो नोझल गेलाय. चार बाटल्या शेजारी शेजारी बघितल्या की समजावून सांगावं लागत नाही.

टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवा. तेलकट ओल असतेच, तेलाचं डबकं असायला नको. चालवताना बारीक शिट्टी येणं स्वाभाविक आहे. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज येत असेल तर टर्बोच्या बेअरिंगची वाट लागलेली असते.

स्पेअर पार्टच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका विस्टा, पुंटो, लिनिया या सगळ्यांच्या बॉनेटखाली मूळचं फियाटचं तेच १,२४८ सीसीचं इंजिन. मारुतीने २०२० च्या एप्रिलमध्ये डिझेल बंद केलं, तरी या इंजिनाचे पार्ट आणि ते उघडून बसवणारे हात साताऱ्यात काय, कोरेगाव-फलटणलाही सापडतात. जी गाडी अख्ख्या तालुक्यात एकच आहे ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

टायमिंग बेल्ट की चेन, एवढा फरक का पडतो?

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला इंजिनात रबरी बेल्ट असतो किंवा लोखंडी चेन. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. चालू गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. जुन्या २.५ लिटर इनोव्हाला, डस्टर-लोगनच्या १.५ ला, फोर्डच्या १.४ आणि १.५ डिझेलला, फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ डिझेलला बेल्ट आहे. वर सांगितलेल्या फियाटच्या इंजिनाला, ह्युंदाईच्या १.४ आणि १.६ ला, होंडाच्या १.५ ला चेन आहे. बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून किमतीतून तेवढे पैसे वजा करा. "बदललाय हो, मीच उभा होतो" याला बिल म्हणत नाहीत.

मीटरवर ६२,००० दाखवतंय. खरं असेल का?

२०१२ ची डिझेल आणि ६२,०००? म्हणजे वर्षाला पाच हजाराच्या आसपास. इतकं कमी फिरणाऱ्याने त्या वेळी पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून डिझेल का घेतली असेल, हा प्रश्न आधी मनात यायला हवा. कधीकधी उत्तर असतंही. निवृत्त माणूस, मुलगा परदेशात, गाडी शेडमध्ये. पण मीटर मागे करणं हे लॅपटॉपवरचं काही मिनिटांचं काम आहे, त्यामुळे आकड्यावर नका जाऊ, खुणांवर जा.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा डावा-उजवा भाग, गिअरच्या गोट्यावरचे पुसलेले आकडे, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. ६२,००० किलोमीटरला पेडलच्या रबराच्या रेघा शिल्लक असतात. टायरवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाचही टायर वेगवेगळ्या सालांचे आणि मीटर साठ हजार, हे जमत नाही. बॉनेटच्या आत, दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचे स्टिकर असतात. मीटर फिरवणारा ते काढायला विसरतो. ९८,००० ला ऑइल बदलल्याचा स्टिकर लावलेली ७१,००० ची गाडी मी बघितलीय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं मागून किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत का ते बघा. मालक "बिलं नाहीत" म्हणाला तर त्याला बरोबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

अपघात झालेली गाडी कशी ओळखायची?

दिवसाउजेडी बघा, धुतलेली पण ओली नसलेली. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, काचांवरची सालं एकमेकांशी जुळतात का. दाराची रबरं ओढून पिलर बघा. कंपनीतले वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले तसे नसतात. बंपर, दार रंगवलंय तर रंगवू दे, आपल्या रस्त्यांवर ते व्हायचंच. पिलर किंवा पुढचा चेसिसचा भाग सरळ केलेला असेल तर नको.

सांगलीची गाडी स्वस्त मिळतेय. पुरातली असेल का?

सांगलीची म्हणजे पुरातलीच असं नाही. पण प्रश्न बरोबर आहे. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ ला मोठे पूर आले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. त्या दिवसांत सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत गाड्या दिवसचे दिवस छपरापर्यंत पाण्यात होत्या. काही विम्यात गेल्या. बाकीच्या धुतल्या, वाळवल्या, आतून नव्या केल्या आणि बाजारात आल्या. एमएच १० ची गाडी साताऱ्यात विकली जाते, एमएच ११ ची सांगलीत फिरलेली असू शकते. नंबरवर जाऊ नका.

काउंटरवर एक तरुण तिसऱ्यांदा तोच रिले मागायला आला, तेव्हा मी त्याच्याबरोबर बाहेर गेलो. गाडी चकाचक, सीट कव्हर नवी, आत अत्तराचा वास जरा जास्तच. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ काळा, आणि आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा तपकिरी. मध्ये सरळ रेघ. तो मुलगा त्या रेघेकडे बघत राहिला. "धुताना इथपर्यंत कुणी ओढत नाही," एवढंच मी बोललो.

तेव्हा बेल्टपासून सुरुवात करा. मग सीट पूर्ण मागे सरकवून रूळ आणि बोल्ट बघा, तिथला गंज लवकर जात नाही. डिकीत स्टेपनी उचला, खालच्या खळग्याच्या कोपऱ्यांत नदीचा गाळ पिठासारखा बारीक बसतो, नखाने निघतो. कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. डॅशबोर्डखाली मोबाइलचा टॉर्च लावून वायरचे जोड बघा, तांब्यावर हिरवट बुरशी आली असेल तर दिवे, काचा, सेन्सर आज चालतील आणि उद्या बंद पडतील. एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर पूर्ण सोडा. कुबट वास आला की समजा. विमा कंपनीकडे जुन्या क्लेमची चौकशी करायला मालकाला सांगा, पॉलिसी त्याच्या नावावर आहे, त्याला माहिती मिळते.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक. पाण्यात असताना कुणी सेल मारला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. डिझेलचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, सोळा-अठरा पट, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालतं, महिनोन् महिने. मग एक दिवस ब्लॉक फोडून रॉड बाहेर येतो.

वडापला फिरलेली गाडी कशी कळेल?

वडाप म्हणजे माणसं भरून भाड्याने फिरवलेली गाडी. वडापवाले नंबर प्लेट पांढरी ठेवूनच फिरवतात, त्यामुळे आरसीवर काही दिसणार नाही. परमिटची पिवळी प्लेट काढून खाजगी केलेली असेल तर मात्र आरटीओच्या नोंदीत सापडतं, जुन्या नोंदी मागा. वडापची ओळख मागच्या भागात असते. मागचं दार बिजागरीतून खाली बसलेलं, पायरीवरचा पत्रा घासून पांढरा पडलेला, मागच्या सीटच्या स्प्रिंगा बसलेल्या, जमिनीला जादा बाकासाठी पाडलेली आणि मग बुजवलेली भोकं. ड्रायव्हरच्या सीटपेक्षा मागची सीट जास्त झिजलेली असेल तर ती गाडी घरगुती नव्हती.

वडापची गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. तिचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, कारण ती बंद पडली की चूल बंद. भाव मात्र वडापचा द्या.

ट्रायल कुठं घेऊ?

सातारकरांना देवाने यवतेश्वरचा घाट दिलाय, त्याचा उपयोग करा. समर्थ मंदिराकडून चढायला लागा, चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून. तिसऱ्या गिअरला ४० च्या वेगात असताना रेस पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेट संपली. टर्बो साधारण २,००० आरपीएमच्या आसपास ढकलायला लागतो, तो धक्का पाठीला जाणवायला हवा. मोठं वळण संपल्यावर तापमानाचा काटा बघा, तो मध्यावर ठाम हवा. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट चालू ठेवा, मग बॉनेट उघडून कुठे ओल, कुठे वास ते बघा. उतरताना दुसऱ्या गिअरला सोडा, गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर गिअरबॉक्सचं काम आहे.

नंतर हायवेला आनेवाडीच्या दिशेने ८०-९० च्या वेगात. स्टिअरिंगवरचा हात सैल केला की गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं का. सांगलीकरांना घाट नाही म्हणून तक्रार नको, मिरजेपलीकडे दंडोबाचा चढ आहे.

मालक म्हणाला "इथंच कॉलनीत एक फेरी मारा", तर त्याला चहा पाजा आणि घरी या.

दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी घेऊ का?

आपल्याकडे हा प्रश्न फार येतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली) माणसं देशभर पसरलेली, गावी परतताना तिथली गाडी घेऊन येतात. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी, त्यांच्याही गाड्या दूरदूरच्या नंबरच्या. शिवाय मिरज, जतकडे कर्नाटकच्या गाड्या. गाडी चांगली असू शकते, कागद कंटाळवाणे असतात. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किती, हे सातारा किंवा कराडच्या आरटीओत गाडीचं वय आणि किंमत सांगून आधी विचारा. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथं गाडी ठेवता येत नाही. दिल्लीची दहा वर्षांची डिझेल निम्म्या भावात मिळतेय म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: एनओसी कुठाय?

कागदपत्रांत नेमकं काय बघू?

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबरशी स्वतः जुळवा, इंजिन नंबरही. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटलं तरी आरसीवरून बोजा उतरवायचा राहिलेला असतो, असं पुष्कळदा होतं. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर आधी फॉर्म ३१ ने करून घ्या. मुलाने सही ठोकून दिली म्हणजे झालं असं नसतं. विम्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला कळवा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. ई-चलनाची थकबाकी नंबर टाकून ऑनलाइन दिसते. फास्टॅग जुन्या मालकाचा बंद करून स्वतःचा लावा. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागलीय का तेही बघा.

आणि तुम्ही विकणारे असाल तर हे नीट वाचा. गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव बदललं नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. "टीटी फॉर्मवर (म्हणजे हस्तांतराच्या फॉर्मवर) सह्या करून द्या, नाव नंतर चढवू" म्हणणाऱ्या एजंटाला तुमची गाडी वर्षभर तुमच्याच नावावर तिसऱ्याला विकायची असते. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

एजंटाकडून घेऊ की घरगुती मालकाकडून?

घरगुती मालक भेटला तर बरं, कारण त्याच्या घरी जाता येतं. गाडी उभी असायची त्या जागेवर जमिनीवर तेलाचे डाग आहेत का ते बघता येतं. शेजारी बोलून जातो, "अहो परवा ढकलत होते की!" असली माहिती कुठल्याही यार्डात मिळत नाही. एजंट सगळे वाईट नसतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असा नियम आहे, ते मागून बघा.

इसार किती देऊ?

कमीत कमी. आणि इसाराच्या चिठ्ठीवर "मिस्त्रीच्या तपासणीनंतर पसंत पडल्यास" असे शब्द लिहून घ्या. मिस्त्री तुमचा हवा, एजंटाच्या ओळखीचा नको. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, चहावर भागवू नका.

घेतल्यावर पहिलं काय बदलू?

गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम घेण्याआधीच बाजूला ठेवलेली असावी. त्यातून ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट. बेल्टची गाडी असेल तर बेल्ट आणि त्याबरोबर पाण्याचा पंप. बॅटरीचं साल बघा. म्युझिक सिस्टीम नंतर.

जुना डिझेल फिल्टर मात्र फेकू नका. त्यातलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओता आणि तासभर खिडकीत ठेवा. खाली पाण्याचा थर बसला किंवा गाळ दिसला तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवून घ्या, नाहीतर महिन्याभरात नोझल मागायला काउंटरवर याल.